टरबुजाचं उलट

पहिली टाइल आपणहून पडली, मंगळवारी,
मी केसांना शिकेकाई लावत असताना.
फुटली नाही. सरळ बादलीत गेली
आणि तळाशी पालथी पडून राहिली.

बांधकाम विभागात मी एकवीस वर्षं कारकून.
'भिंतीस चकाकी फरशी बसविणे, दरजा भरणे,
साफ करणे इत्यादीसह पूर्ण' –
त्या 'पूर्ण'वर किती शिक्के मारले, गणती नाही.
थापी कोणत्या बाजूनं धरतात
ते मला माहीत नव्हतं.

तीन दिवसांची रजा टाकली.
कारण: घरगुती.

जिंतूर रोडच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"मॅडम, मिस्त्री कोण हाय तुमचा?"
मीच, म्हटलं.
काही न बोलता त्यानं
एक बॉक्स जास्तीचा टाकला रिक्षात.

शेजारचे गौसभाई गुडघ्यांमुळं काम सोडून बसलेत.
दाराबाहेर पाटावर बसून
बोटाच्या पेरानं ठोकायला शिकवलं त्यांनी.
"टरबुजाचं उलट, बाई.
इथं बोललं की खराब. मुकी असंल ती चांगली."
मी ठोकत गेले.
अख्खी भिंत बोलायली.

मग छन्नी, हातोडी, तोंडाला ओढणी.
पहिल्या दिवशी अंगठा गेला,
दुसऱ्या दिवशी गिझरचा पाइप.

आरशाखाली, तिसऱ्या ओळीमागं,
जुन्या गिलाव्यावर पेन्सिलीचा हिशोब निघाला:
दिवस ११, दर ९०
उचल ६४०
बाकी ३५०
खाली नाव: सोपान.

घर अण्णांनी बांधलेलं.
वाण्याचे आठ आणे द्यायचे विसरले म्हणून
मला भर उन्हात परत पाठवणारे अण्णा.
दिली असेल बाकी.
दिली असेलच.
पण भिंतीवर 'मिळाले' लिहिलेलं नाही,
आणि पावती लावल्याशिवाय
फाइल बांधायची सवय नाही माझ्या हाताला.

"सोपान? बहोत थे," गौसभाई म्हणाले.
तंबाखू मळून झाल्यावर:
"एक परतूरचा होता. हात साफ होता त्याचा.
पुढं कुठं गेला, काय की."

टाइल रात्रभर भिजवावी लागते,
नाही तर मसाल्यातलं पाणी पिऊन घेते
आणि भिंत धरत नाही.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी. तो पाचवा होता.
पिंपात वाकून पाहिलं आणि मांडणी केली:
चहा, भांडी, दोन आंघोळी, साठ टाइल.
आंघोळी कापल्या.
कपाळावरचं सिमेंट ओल्या फडक्यानं पुसून आडवी झाले.
टबात टाइल रात्रभर बारीक बुडबुडे सोडत होत्या.
झोपेत वाटलं, कुणीतरी काहीतरी मोजतंय.

सकाळी फळी ठोकली, दोरा ताणला.
"खालची ओळ शेवटी लावायची, बाई.
आन् तो हिशोब खरवडून घे,
गुळगुळीत भिंत मसाला धरत नसती."

छन्नी घेतली. दोनदा टेकवली.
मग आजूबाजूला टोचे मारले, खूप,
तेवढी वीतभर जागा सोडून.
गौसभाईंनी पाहिलं. मान खाली घातली.
"मसाला सुकायलाय," एवढंच म्हणाले. "लाव."

नळाच्या भोकापायी चार फुटल्या.
जास्तीचा बॉक्स तिथं कामी आला.
कोपऱ्यात शेवटची पट्टी कापून बसवली,
वर दोन बोटं, खाली अडीच.
ओळंबा खोटं बोलत नाही,
पण रोज कोण ओळंबा घेऊन आंघोळीला जातं?

आठव्या दिवशी पहाटे तीन वीसला नळ आला.
पिंप, टब, कळशी, तपेली, सगळं भरून
मी भिंत वाजवत गेले, पेरानं, वरून खाली.
मुकी. मुकी. मुकी.
आरशाखालची एक बोलते.

गौसभाई म्हणतात, निघंल ती, वर्षा-दोन वर्षांत.
निघू दे.

नवा नळ जरा डावीकडं बघतो.
बादली तिकडं सरकवून ठेवलीय.